नाकसाहेब आणि डावी भुवई

सोमवार, ३ फेब्रुवारी

धाकट्या मालकांनी आज केबिनमध्ये बोलावून आधी खुर्ची दिली, मग बिस्किटांची बशी पुढे सरकवली. एवढा पाहुणचार झाला की आपल्या गळ्यात काहीतरी पडणार, हे मला एकतीस वर्षांच्या नोकरीत पुरतं समजलेलं आहे.

"काका, चोवीस तारखेला मोठे खरेदीदार येतायत," ते म्हणाले. "नवं मिश्रण त्यांच्यासमोरच निवडायचं. बारा कप मांडू. तुमच्या डोळ्यांवर पट्टी बांधू. तुम्ही एकेक घोट घ्यायचा आणि सांगायचं, कुठल्या मळ्याचा, कधीच्या तोडीचा, चांगला की टाकाऊ."

"पट्टी कशाला?"

"लोकांना मजा येते. बाबा नेहमी सांगायचे ना, तुम्ही झोपेतसुद्धा ओळखाल म्हणून."

थोरले मालक सांगायचे खरे. ते गेले आणि ही बढाई माझ्या नावावर ठेवून गेले. मी "हो, त्यात काय" म्हणालो आणि वर दोन बिस्किटं खाल्ली.

आता लिहूनच टाकतो, कारण सांगण्याजोगं माणूस नाही आणि ही वही कुलपात असते. गेले चौदा महिने मला कशाचाही वास येत नाही. एक साधा ताप आला, आठवड्यात गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळतं. बाकी जगातला सगळा चहा म्हणजे रंगीत गरम पाणी. आणि मी या चहा कंपनीचा मुख्य पारखी. पॅकिंगमधली मंडळी मला कौतुकाने नाकसाहेब म्हणतात.

नाकाच्या डॉक्टरांनी चार छोट्या बाटल्या दिल्या आहेत. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, म्हणजे नाकाची नस जागी होईल म्हणे. मी नेमाने हुंगतो. निलगिरीने डोळ्यांत पाणी येतं, एवढीच काय ती प्रगती आहे.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वासाशिवाय पारखी चौदा महिने कसा तग धरतो? उत्तर सोपं आहे. डाव्या भुवईवर.

भुवई माझी नव्हे, माझ्या मदतनीस बाईची. चहा चाखताना घोट हवेसकट जोरात ओढावा लागतो, म्हणजे तो घशातून नाकाच्या मागपर्यंत पोचतो, मग तो पिकदाणीत थुंकायचा. हिचा घोट इतक्या बारीक आवाजात सुटतो की सगळे तिला शिट्टी म्हणतात. तिने ते नाव कधी मनावर घेतलं नाही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली तेव्हा पंचविशीची होती.

आमच्या चाखायच्या खोलीत एक लांब पांढरं टेबल आहे. प्रत्येक कपाला अडीच ग्रॅम पत्ती, वर उकळतं पाणी, झाकण, आणि वाळूचं घड्याळ उलटं करून सहा मिनिटं. पूर्वी मी आधी चाखायचो. आता मी तिला म्हणतो, "तू हो पुढे, तुला शिकायला मिळेल." अकरा वर्षांच्या अनुभवी बाईला हे म्हणताना माझी मलाच लाज वाटते, पण ती मुकाट्याने पुढे होते.

आणि मग भुवई. चहा करपट असला की ती पुरती वर जाते, शिळा असला की अर्धी. चहा फर्मास असला तर ती कप खाली ठेवताना तो बोटभर माझ्या बाजूला सरकतो. मी मागून जातो, घोट ओढतो, डोळे मिटतो, थोडा वेळ खातो आणि म्हणतो, "करपट." ती वहीत लिहून घेते.

गंमत अशी की ती नवी होती तेव्हा मी तिला याच गोष्टीवरून दटावलं होतं. "चाखताना चेहरा कोरा पाहिजे. तुझ्या तोंडाकडे बघून शेजारच्याचं मत बनता कामा नये." त्यानंतर दहा वर्षं तिने चेहरा असा कोरा ठेवला की मलाच कौतुक वाटायचं. आताशा ढिली पडली आहे. वयाचा परिणाम असेल. मी काही बोलत नाही, कारण माझं फावतं.

कामाला मात्र वाघ आहे. चौदा महिन्यांत एक रजा नाही. भाचीच्या लग्नाला गेली तीसुद्धा अर्ध्या दिवसात परत आली. गेल्या वर्षी पलीकडच्या कंपनीने तिला मुख्य पारखी म्हणून बोलावलं होतं, तर नको म्हणाली. महत्त्वाकांक्षा म्हणून नाहीच पोरीला.

पण डोळ्यांवर पट्टी आली की भुवई संपली. आणखी सतरा दिवस.


रविवार, ९ फेब्रुवारी

ताई खालच्या मजल्यावर राहते, मी वरच्या. तिला जिना चढायचा कंटाळा आहे, म्हणून ती सहसा खालूनच हाक मारते. आज धापा टाकत वर आली, तडक स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद केला. दूध आटून पातेल्याचा कोळसा झाला होता. मी पाच पावलांवर बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

"खाली माझ्या खोलीत धूर आला," ती म्हणाली. "तुला वास नाही आला?"

"सर्दी आहे गं."

"तुझी ही सर्दी वर्षाची होऊन गेली. तिला आता शाळेत घालू या का?"

मी हसण्यावारी नेलं. ती पातेलं घासायला घेऊन निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "परवा भाजी पाठवली होती, कशी होती?"

"फक्कड," मी म्हणालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हातारपणी माणसाला कौतुकाची भूक फार असते.

दुपारी आडवा पडलो आणि एकदम ते सूप आठवलं. सहा वर्षांपूर्वी चहाच्या प्रदर्शनासाठी परदेशी गेलो होतो तेव्हा एका फार नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये एकटाच जेवलो होतो. तिथलं ते नितळ सूप. चौदा महिन्यांत सगळे वास माझ्या आठवणीतूनसुद्धा पुसट झाले आहेत, अगदी आमच्या गोदामाचाही. त्या सूपचा वास मात्र अजून जसाच्या तसा आहे. डोळे मिटले की तो येतो. मग तो खरोखर समोर आला तर?

डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "तसं काही सांगता येत नाही. जाऊन या, हवापालट होईल." मी हा वैद्यकीय सल्ला धरून चाललो आहे.


बुधवार, १२ फेब्रुवारी

वीस तारखेचं दुपारचं टेबल मिळालं. कुणीतरी आयत्या वेळी रद्द केलं म्हणून मिळालं, नाहीतर तिथे महिनोन्‌महिने थांबावं लागतं. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "किती जण?" मी म्हणालो, "एक." त्या म्हणाल्या, "फक्त एक?" मी म्हणालो, "फक्त एकच." असल्या बाबतीत लोक दोनदा का विचारतात कोण जाणे.

त्या जेवणाची गोष्ट मी सहा वर्षं ऑफिसात, लग्नकार्यांत, दवाखान्याच्या बाकावर सांगत आलो आहे. गोष्ट अशी, की मी सूपचा एक घोट घेतला, त्यात काय काय आहे ते फडाफडा सांगितलं, आणि मुख्य शेफबाई आतून येऊन माझ्याशी हात मिळवून गेल्या.

वहीला खरं सांगायला हरकत नाही. सूप आलं तेव्हा मी सवयीने खिशातला माझा चाखायचा चमचा काढला. सवयीने घोट ओढला, आणि आमच्या चाखायच्या खोलीत काढतो तेवढाच आवाज काढला. त्या शांत जागेत तो कसा घुमला असेल ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. आणि मग सवयीनेच, डावीकडे वळून, टेबलावरच्या फुलदाणीत थुंकलो.

फुलदाणीत पांढरी फुलं होती.

वाढपी जागच्या जागी थिजला. शेफबाई आल्या त्या हात मिळवायला नव्हत्या, काय झालं ते बघायला आल्या होत्या. मग मी घाबरून भडाभडा बोलायला लागलो. सूप उत्तम आहे, यात धान्य भाजून घातलंय, कांदा सालीसकट जाळलाय, आणि पाण्याला लाकडाचा वास आहे. त्यांचे डोळे मोठे झाले. शेवटी हात मिळवला, हे मात्र खरं. गोष्टीचा एवढा भाग माझ्या पदरचा नाही.


शनिवार, १५ फेब्रुवारी

रजा मंजूर. शिट्टीला सांगितलं, "चार दिवस सगळं तुझ्यावर." ती म्हणाली, "जा सर, मी बघते." मग वजनाचा काटा उगाच पुसत म्हणाली, "मला जरा बोलायचं होतं तुमच्याशी. आल्यावर बोलू."

"आत्ता बोल की."

"नको. आधी जाऊन या. सूप पिऊन या."

सूपसाठी जातोय हे मी तिला सांगितलं नव्हतं. बहुधा माझी गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली आहे की तिला अंदाज आला असावा. काय बोलायचं असेल? पगारवाढ हवी असेल. द्यायला हवीच.

ताईने बॅगेत स्वेटर घातला. मी काढला. तिने पुन्हा घातला.


बुधवार, १९ फेब्रुवारी

पोचलो. हॉटेलची खोली एवढी लहान आहे की बॅग उघडायची तर मला पलंगावर चढावं लागतं. स्वेटर घालून बसलो आहे.

दुपारी त्या रेस्टॉरंटवरून नुसतीच चक्कर मारून आलो. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं केंद्र बघून येतात, तसं. करडा दगडी दर्शनी भाग, पाटी नाही, दारावर फक्त एक पितळी मूठ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ बाहेर येत होती. मी तिच्याखाली उभा राहून खोल श्वास घेतला. एक बाई कुत्र्याला फिरवत होत्या, त्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. कुत्रा मात्र माझ्याजवळ थांबून तीच वाफ हुंगत होता. त्याला कळत होतं, मला नाही.

चमचा तीनदा पुसून ठेवला. खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. उद्या नाक जागं झालं नाही तर सोमवारी बारा कपांपुढे मी पट्टी बांधून उभा असेन. एकतीस वर्षांचं नाव एका दुपारी जाईल, आणि ते वाचवायला माझ्याकडे दुसरं काही नाही.


गुरुवार, २० फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहितो.

बरोबर साडेबाराला गेलो. अकरा टेबलं, करडी फरशी, बोलणं सगळं हलक्या आवाजात. वाढपी तोच, सहा वर्षांपूर्वीचा, आता केस पांढरे झालेला. त्याने मला पाहिलं आणि तो क्षणभर थबकला. मग वाकून म्हणाला, "चमचा आणलाय का, सर?" सहा वर्षांनी आठवण ठेवली, म्हणून माझी छाती फुगली. मी खिशावर थोपटून दाखवलं.

त्याने मला भिंतीकडचं टेबल दिलं आणि समोरची खुर्ची न विचारता उचलून नेली. एकट्या गिऱ्हाइकाला रिकामी खुर्ची खुपू नये, असं त्यांना शिकवत असणार. मला ती गेल्यावर खुपली. फुलदाणी कुठल्याच टेबलावर नव्हती. एवढ्या चांगल्या जागेची रया गेली, फुलंसुद्धा परवडेनाशी झाली, असं मला वाटलं.

आधीची तीन ताटं आली. पहिल्यात काहीतरी कुरकुरीत होतं, दुसऱ्यात काहीतरी थंडगार, तिसऱ्यातलं चमच्याने हलवलं की थरथरायचं. तिन्ही वेळा मी "वा" म्हणालो. चौदा महिन्यांच्या सरावाने माझा "वा" आता अस्सल वाटतो.

मग सूप. रिकामा वाडगा ठेवून त्याने किटलीतून ते धारेने ओतलं. मी चष्मा काढला आणि चेहरा वाफेत धरला. वाफ गरम होती, एवढंच. चमचा काढला, घोट ओढला. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने माना वळवल्या. खारट. किंचित आंबट. गरम. मी वाट पाहिली. पुन्हा घोट घेतला, जास्त हवा ओढून. मग तिसरा. आतमध्ये कुणीच दार उघडलं नाही. जे मला सहा वर्षं डोळे मिटल्यावर येत होतं ते वाडग्यात समोर असून येत नव्हतं. मला इतकं एकटं वाटलं की ती खुर्ची परत मागावीशी वाटली.

तेवढ्यात शेफबाई बाहेर आल्या. रुंद खांद्यांच्या, दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. मधल्या एका भाषेत आम्ही दोघंही अडखळत बोलतो. "तुम्हीच ते," त्या म्हणाल्या. "मला वाढप्याने सांगितलं. तेव्हा तुम्ही सगळं ओळखलंत. यावेळी मी यात एक गोष्ट बदलली आहे. कुठली?"

शेजारच्या जोडप्याने काटे-चमचे खाली ठेवले. लोकांना मजा येते, हे धाकटे मालक म्हणतात ते जगभर खरं आहे.

मी काय केलं? सवयीने वाढप्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला माहीत असणार काय बदललंय ते. कुठेतरी भुवई हलेल, ओठ हलेल, किटली इकडेतिकडे सरकेल. काही नाही. चेहरा स्वच्छ कोरा. मी आणखी निरखून पाहिलं, तरी कोरा. आणि मला आधी त्याचं कौतुकच वाटलं. किती मुरलेला माणूस आहे, म्हटलं. मुरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. हेच तर मी शिट्टीला शिकवलं होतं.

आणि तिने दहा वर्षं ते पाळलं होतं.

दहा वर्षं न हललेली भुवई गेल्या चौदा महिन्यांतच कशी हलायला लागली? ती ढिली पडली म्हणून? करपट असला की पुरती, शिळा असला की अर्धी, आणि कप बरोबर बोटभर माझ्याच बाजूला? एक रजा नाही, भाचीच्या लग्नातून अर्ध्या दिवसात परत, मुख्य पारख्याची नोकरी नाकारलेली. मी म्हणे तिची चोरून नक्कल करत होतो. ती माझ्यासाठी वाचून दाखवत होती, आणि मला अक्षरओळख नाही हे मला कळू नये म्हणून मान खाली घालून लिहूनही घेत होती. इतका मोठा गाढव मी आजवर पाहिलेला नाही, आणि आरसा तर घरी रोज बघतो.

शेफबाई उत्तराची वाट बघत होत्या. मी चमचा खाली ठेवला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मला वास येत नाही. चौदा महिने झाले. मी चहाचा पारखी आहे आणि मला काही कळत नाही. डॉक्टर सोडून हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही." आणि मी भर रेस्टॉरंटमध्ये रडलो. निलगिरीशिवाय.

त्यांनी वाढप्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याने खुर्ची परत आणली आणि त्या माझ्यासमोर बसल्या.

"काय बदललं होतं?" मी नाक पुसत विचारलं.

"काहीच नाही," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न मी सगळ्या शहाण्यांना विचारते. गेल्या आठवड्यात एकाने तीन गोष्टी सांगितल्या."

मग हसून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही थुंकलात ना, ते वाढप्याने आत येऊन सांगितलं. मला वाटलं, काहीतरी नासलं. मी सबंध पातेलं मोरीत ओतून दिलं आणि मग तुमच्याकडे आले. त्या दुपारी बाकीच्या दहा टेबलांना सूप मिळालं नाही."

सहा वर्षं मी ही गोष्ट अभिमानाने सांगतोय. "आणि फुलदाण्या?" मी विचारलं.

"तेव्हापासून बंद," वाढपी पहिल्यांदाच मध्ये बोलला. चेहरा कोराच.

आचाऱ्याला सर्दी झाली तर तुम्ही काय करता, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "सर्दी नसली तरी इथे एकटं कुणी चाखत नाही. दर पातेल्याला दोन चमचे, दोन माणसं. एकट्याच्या जिभेवर मी भरवसा ठेवत नाही, माझ्यासुद्धा."

त्यांनी माझ्या वाडग्यात त्यांचा चमचा बुडवला, चाखलं आणि सांगायला लागल्या. आधी भाजलेलं धान्य, कडेने कांद्याचा जळकेपणा, मग लाकूड, पण ओलं, आणि सगळ्यात शेवटी थोडा गोडवा, तो घसा सोडत नाही. त्या सांगत गेल्या आणि मी पीत गेलो. नाक काही जागं झालं नाही. पण वाडगा संपवला, आणि थुंकलो नाही.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

विमान दुपारी. शिट्टीला फोन लावला, तिने उचलल्यावर विचारलं, "सगळं ठीक?" ती म्हणाली, "ठीक, सर. सूप?" मी म्हणालो, "आल्यावर बोलू." बारा वाक्यं घोकून ठेवली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ.

सर्दीचं निमित्त सांगून सोमवार टाळता येईल, असंही एकदा मनात आलं. नाक गेलं तरी लबाडी शाबूत आहे.


सोमवार, २४ फेब्रुवारी

सकाळी साडेसातलाच गेलो. शिट्टी आधीच आलेली. बारा कप मांडून पत्ती तोलत होती.

"तुझी भुवई दुखत असेल," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं नाही. काट्यातली पत्ती सावकाश कपात ओतली. "डावी," ती म्हणाली. "थोडी."

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात. पाचव्या कपात पत्ती घालायची राहिली होती, सर. नुसतं कप विसळलेलं पाणी होतं. तुम्ही चाखलंत आणि म्हणालात, अंगाने हलका आहे, पण प्रामाणिक."

मी स्टुलावर बसलो.

"मग बोलली का नाहीस?"

"मी नवी असताना ओल धरलेली एक अख्खी खेप पास केली होती. थोरले मालक भडकले तेव्हा तुम्ही सांगितलंत, चूक माझी, मला सर्दी होती."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं ना," ती म्हणाली. मग काटा पुसत म्हणाली, "पण पट्टीचं काय करायचं ते मला सुचेना, सर. तेच बोलायचं होतं. आणि पलीकडच्यांनी पुन्हा विचारलंय. शुक्रवारपर्यंत उत्तर मागतायत."

पगारवाढ हवी असेल, असं मी लिहून ठेवलं आहे. ते पान फाडणार नाही, माझ्या अकलेचा पुरावा म्हणून राहू दे.

मी केबिनमध्ये गेलो. यावेळी खुर्ची मीच ओढून घेतली. सांगितलं सगळं, भुवईसकट. धाकट्या मालकांचा चेहरा उतरला. "काका, दहा वाजता लोक येतायत," एवढंच ते दोनदा म्हणाले. मग म्हणाले, "चौदा महिन्यांचा माल तुम्ही पास केलात."

"तिने केला," मी म्हणालो. "एक तरी तक्रार आली का?"

तक्रार आलेली नव्हती.

दहा वाजता खरेदीदारांसमोर शिट्टीच्या डोळ्यांवर पट्टी मी बांधली. ती टेबलाच्या कडेने एकेक कप घेत गेली, घोट ओढत गेली, आणि तो आवाज ऐकून एक खरेदीदार दचकून मागे सरकला. वरचा मळा, पहिली तोड, चांगला. नदीकाठचा, शिळा. करपट, टाकाऊ. मी बाजूला उभा राहून वहीत लिहून घेत होतो. अधूनमधून सवयीने तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पट्टीखाली तो पूर्ण कोरा होता. बाराच्या बारा बरोबर निघाले. मला इतका आनंद झाला की टाळ्या वाजवताना पेन हातातच राहिलं आणि शर्टावर शाई उडाली.

संध्याकाळी मालकांनी तिला मुख्य पारखी केलं. ती पलीकडे नाही म्हणून कळवणार आहे. माझ्याबद्दल ते म्हणाले, "काका, तुमचं काय करायचं ते महिनाअखेर बघू." बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर एवढाही वेळ दिला नसता. तोवर मी घड्याळ उलटं करणार आणि वही लिहिणार.

घरी आलो. ताईने हाक मारली, चहा केला, कप पुढे ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "कसा झालाय?"

चौदा महिने या प्रश्नाला मी फक्कड म्हणत आलो. आज म्हणालो, "मला कळत नाही, ताई. वास येत नाही मला. तापापासून. तू सांग."

ती समोर बसली. पदराने हात पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "भाजी मी तीनदा मुद्दाम करपवली," ती म्हणाली. "तू तिन्ही वेळा फक्कड म्हणालास. म्हटलं, बघू, आपणहून कधी सांगतोस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी कप तिच्याकडे सरकवला, बोटभर. तिने घोट घेतला, डोळे मिटले, छताकडे तोंड केलं आणि खूप विचार केला. मी सवयीने पेन काढून बसलो.

"चहासारखा झालाय," ती म्हणाली.

एकतीस वर्षं मी चहाला नाना विशेषणं लावली. हे एक कधी सुचलं नव्हतं. वहीत लिहून घेतलं आणि उरलेला चहा गरम होता तोवर संपवला.